चार नूरी साल आणि एक बशी चहा

थांबा, थांबा! माझ्या कपात साखर घालू नका. मधुमेह नाही हो मला. वैद्यानं नाही, डॉक्टरानं नाही, कुणी म्हणजे कुणी मनाई केलेली नाही. ही मनाई मी माझ्या स्वतःच्या तोंडानं, भरल्या घरात, देवीसमोर ओढवून घेतलेली आहे. आणि ती एका शब्दापायी. कोणता शब्द? तुम्ही आत्ता विचारलात तोच. "किती?"

"साखर किती?" असं कुणी विचारलं ना, की पोरींनो, मी अजून आधी कपावर हात ठेवते. हा शब्द मी एकदाच चुकीच्या वेळी, चुकीच्या माणसाला, अर्धवट विचारला आणि त्याचं जे उत्तर आलं त्यानं अख्ख्या परतुरात माझं हसं झालं. तुम्हीही हसणारच आहात. पण कप खाली ठेवून हसा, चहा गरम आहे.

तेव्हा निजामाचं राज्य होतं. मी वाटूरची, दिली परतूरला. लग्नाला वर्षही झालं नव्हतं. आमचे 'हे' शिकलेले उर्दूत, कारण त्या राज्यात पुढचं शिकायचं तर उर्दूतच शिकावं लागे. पोरगा शेतकऱ्याचा, पण डोकं सगळं आकड्यांत. हैदराबादेत शिक्षण झालं आणि तिथंच नोकरी लागली. नोकरी कशाची म्हणाल? तर तारे मांडायची!

खोटं नाही सांगत. तिथं एका ठिकाणी मोठी दुर्बीण होती. तिच्यातून आभाळाचे फोटो काढायचे, ते काचेवर. तारे त्या काचेवर काळे ठिपके होऊन उमटायचे, आणि आमच्या ह्यांनी भिंगातून बघून एकेका ठिपक्याची जागा मांडायची. माझ्या सासूबाईंना हे काही केल्या पटेना. मी त्यांना आत्याबाई म्हणायची. त्या म्हणायच्या, "ठिपकेच मोजायचे व्हते तर माझ्या दारातल्या रांगोळीचे मोजायचे. त्याच्यापायी हैदराबादेला कामून जाऊन राह्यला?"

मलाही तेच वाटत होतं. पण मला विचारतंय कोण! नवी सून मी. त्या काळी नवऱ्याशी दिवसाउजेडी बोलायची सोय नव्हती. नवऱ्याला काही सांगायचं तर सासूला सांगायचं, सासू नवऱ्याला सांगायची. तोवर जेवण निवून जायचं.

आमचं बोलणं व्हायचं ते एकाच ठिकाणी, माळवदावर. उन्हाळ्यात कुरडया वाळायला घातलेल्या असायच्या, त्या गोळा करायला मी तिन्हीसांजेला वर जायची. आणि हे चहाचा कप घेऊन वर यायचे. चहाचं खूळ ह्यांनीच हैदराबादेहून आणलेलं. आमच्या घरात तोवर चहा म्हणजे थंडीतापाचं औषध. ह्यांचा चहा म्हणजे, काय सांगू, गुळाचा नुसता पाक! कप ते घ्यायचे, बशीत मला ओतून द्यायचे. कप त्यांचा, बशी माझी. आमचा सगळा संसार तेवढ्या बशीतला. पण इतका गोड चहा मी त्याआधी प्याले नव्हते आणि त्यानंतरही नाही.

तर नोकरीवर जायच्या आदल्या दिवशीची गोष्ट. जेठ महिना. सकाळच्या गाडीनं हे निघणार होते. वळकटी जिन्याशी बांधून ठेवलेली. मी वर गेले, हे आले, बशीत चहा ओतला. अंधार पडला होता. मी बघतेय वळकटीकडं, हे बघतायत आभाळाकडं. दक्षिणेला, जरा पूर्वेच्या अंगाला, शेजारच्या लिंबाच्या शेंड्याखाली एक तारा नुकताच वर आलेला. हे तिकडं बोट करून काहीतरी भराभरा सांगत होते. आता त्यात माझं लक्ष कुठलं? मनात एकच, आता किती दिवसांनी भेट? हे परत कधी येणार? मला न्यायला कधी येणार? सगळं विचारायचं होतं हो. पण तोंडातून फुटला एकच शब्द.

"किती?"

आणि हे, माझ्याकडं न बघता, म्हणाले, "चार नूरी साल. त्याच्याहून थोडं जास्तीच. पन समद्यात जवळ म्हनायचं तर हेच."

समद्यात जवळ! मी तोंडाशी नेलेली बशी तशीच खाली ठेवली.

ह्यांना वाटलं, बायको ऐकून थक्क झाली. मग काय, अंगात आलं! "अगं, काई काई तर हजार हजार नूरी साल असत्यात!" म्हणजे दुसऱ्या बायकांचे नवरे हजार हजार वर्षांसाठी जातात, त्या मानानं माझं नशीब बरं म्हणायचं! मी रडायला लागले. तर हे म्हणाले, "रडतीस कामून? त्याच्या मानानं हैदराबाद म्हंजे आपलं आंगन."

पुढं काही विचारावं, तर खालून आत्याबाईंची हाक आली. "सूनबाई, कुरडया गोळा करून राह्यली का नव्यानं घालून राह्यली?"

सकाळी हे गेले. गाडीचा धूर मी माळवदावरून बघितला. स्टेशनावर जायची सोय सुनेला नव्हती.

आता तुम्ही म्हणाल, येडी का काय ही बाई! नूरी साल म्हणजे काय, एवढंही कळू नये? पण बायांनो, त्या राज्याची तऱ्हाच तशी होती. सरकारी कागदावर फसली साल. शेजारच्या मुसलमान घरांत सणावाराला हिजरी. जोशीबुवांच्या पंचांगात शके. रेल्वेच्या लोकांचं इसवी. आणि आमच्या घरात सालगड्याचं साल, पाडव्याला सुरू झालं की पाडव्याला भरलं. एका गल्लीत, एका दिवशी, पाच सालं चालू असायची! त्यात सहावं नूरी निघालं, तर मला नवल का वाटावं? माझ्यापुढं सवाल एकच होता. हे नवं साल लहान असतं का मोठं?

दोन-चार दिवस गेले. मग जात्यावर बसल्या बसल्या आत्याबाईंना हळूच विचारलं, "आत्याबाई, समदी सालं सारखीच असत्यात का हो?"

"सारखी कशी असतील? गडी कामाचा असला तर साल कधी भरलं ते कळत बी न्हाई. अन् आळशी असला तर भरता भरत न्हाई."

"अन् नूरी साल?"

जातं थांबलं. आत्याबाईंनी माझ्याकडं बघितलं. "नूरी? ही नूरी कोन हाय?"

"कोनी न्हाई. साल हाय."

"कोनाकडं हाय तिचं साल?" त्यांना वाटलं, नूरी म्हणून कुणी बाई कुणाच्या घरी साल घालून राहिलीय. आणि मग एकदम त्यांच्या डोक्यात उजेड पडला, पण भलताच. "माझ्या लेकाला हैदराबादेत कोनी नूरी भेटली का? खरं सांग पोरी!"

झालं! पिठाच्या हातानं त्यांनी माझं मनगट धरलं आणि मला थेट शेजारच्या मेहरूनबीच्या दारात नेऊन उभं केलं. मेहरूनबी म्हणजे आमच्या घराची सख्खी शेजारीण. त्यांच्या घरात उर्दू, आमच्या घरात मराठी, आणि मधल्या भिंतीवरून ताकाची लोटी. आत्याबाईंनी सगळं घडाघडा सांगितलं.

मेहरूनबी हसायला लागल्या. "अगे माँ, नूर बोले तो उजाला! नूरी कोई औरत नै."

आत्याबाईंचा जीव भांड्यात पडला. माझा मात्र तसाच टांगलेला. मी विचारलं, "मंग चाची, नूरी साल म्हंजे?"

"उजाले का साल?" त्या जरा विचारात पडल्या. "ये तो मैं नै सुनी बेटी. हिजरी साल मालूम. वो छोटा रहता, फसली से दस-बारा दिन कम. ये भी वैसाच होयेंगा."

वैसाच होयेंगा! म्हणजे चार सालांत महिना-दीड महिना वाचला की! मेहरूनबीच्या अंगणात फुगडी घालायचीच काय ती राहिली होती. घरी येऊन मी आनंदानं दोन भाकरी जास्त खाल्ल्या.

तो आनंद टिकला जोशीबुवा घरी येईपर्यंत. ते आमच्याकडं पंचांग सांगायला यायचे. आत्याबाईंनी त्यांना ओसरीवर बसवलं आणि विचारलं, "बुवा, उजेडाचं साल केवढं असतं?"

जोशीबुवांनी तपकीर ओढली. माहीत नाही, हा शब्द त्या माणसाच्या तोंडी कधी कुणी ऐकला नव्हता. "उजेड म्हणजे तेज. तेज कुणाचं? देवांचं. म्हणजे हे झालं दिव्य वर्ष. बरोबर? आता आपलं एक वर्ष जातं, तेव्हा देवांचा एक दिवस होतो. देवांचे असे तीनशे साठ दिवस, तेव्हा एक दिव्य वर्ष. चार म्हणजे..." त्यांनी बोटांची पेरं मोजली. "एक हजार चारशे चाळीस."

"काय?" आत्याबाई म्हणाल्या.

"वर्षं," जोशीबुवा म्हणाले, शिधा उचलला आणि निघून गेले.

मी दाराआडून सगळं ऐकलं. चौदाशे चाळीस वर्षं! रडू तर आलंच, पण मनात पहिला विचार कोणता यावा? तोवर कुरडयासुद्धा टिकायच्या नाहीत. हसता काय? नवरा गेला की बाईला असलंच काहीतरी सुचतं.

पत्र का नाही पाठवलं, म्हणता? लिहिणार कोण! घरात लिहिता येणारे एकटे तेच, आणि ते तिकडं. शिवाय नव्या सुनेनं दुसऱ्याकडून लिहून घ्यायचं काय, 'कधी येता'? ओळखीचं कुणी हैदराबादेहून आलं तर निरोप मिळायचा, "मजेत हायत. काम लई हाय." काम लई असणारच. चौदाशे वर्षं पुरायचं होतं ना!

आणि परतूर तुम्हाला माहीत नाही. इथं कापसाची गाठ बांधायला वेळ लागतो, बातमी पसरायला लागत नाही. मामंजी अडतीवर गेले, तर लोक विचारायला लागले, "काय पाटील, पोरगं चौदाशे वर्सांच्या बोलीवर गेलं म्हनं? पगार तरी बराबर ठरवला का?" दुसरा म्हणे, "साल भरल्यावर बैलजोडी देनार का पागोटं?" मामंजी घरी आले, पागोटं खुंटीला टांगलं आणि भिंतीकडं तोंड करून जेवले.

गंमत म्हणून आज सांगतेय. पण तेव्हाच्या संध्याकाळी फार वाईट होत्या. मी रोज माळवदावर जायची. गोळा करायला कुरडया नव्हत्या, तरी जायची. एक बशी पदराखाली घेऊन जायची, रिकामी. त्यांनी बोट केलेला तो तारा शोधायची आणि त्याच्याकडं बघत बसायची. ह्यांनी दाखवलेला म्हणून तो माझा, एवढंच नातं. तिकडंच कुठंतरी हैदराबाद, असं मनाशी धरलं होतं. मग पावसाचे दिवस आले, आभाळ झाकून गेलं. पाऊस सरल्यावर बघते, तर लिंबाच्या शेंड्याखाली तारा नाही. तोसुद्धा नोकरीवर गेला! त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

तशात नवरात्र आलं. आत्याबाईंचं माहेर पिंपळगाव रेणुकाईचं, त्यामुळं आमच्या घरात रेणुकाईचा घट मोठ्या थाटानं बसायचा. आरतीला सगळी आळी यायची. मी ठरवलं, आता देवीलाच साकडं घालायचं. आणि देवीला काही मागायचं तर लाडकं काही सोडायला नको? माझं जगात लाडकं काय होतं? तो गुळाचा चहा. हे गेले, पण चहाची चटक घराला लावून गेले होते. आत्याबाईंना तर दोन वेळा लागायचा.

मनातल्या मनात बोलायचं होतं हो! पण आरती चाललेली, टाळ्या, घंटा, त्या गोंधळात आपलं आपल्याला ऐकू यावं म्हणून माझा आवाज वर चढत गेला. आणि नेमकी टाळी थांबली. घंटा थांबली. मी नाही थांबले.

"रेनुकामाय, ह्यांना सुखरूप ठेव! चार नूरी साल भरेस्तोवर मी माझ्या चहात गोड घालनार न्हाई!"

सगळी आळी माझ्याकडं बघतेय. निरांजनाची वात तेवढी फुरफुर करतेय. आत्याबाईंच्या तोंडून निघालं, "चौदाशे वर्सं?"

एक म्हातारी पुढं येऊन म्हणाली, "पोरी, पाच दिवसाचं बोलावं, फार तर महिन्याचं बोलावं. यवढं कोनी बोलतं का?"

जोशीबुवांनी मात्र हात जोडले. म्हणाले, "संकल्प मोठा आहे. आता देवीला दिलेला शब्द मोडायचा नाही."

त्या दिवसापासून माझा कप कडू. आणि बायांनो, काय सांगू, त्यानंतर आठवडाही गेला नाही, दसरा उजाडला, मी माळवदावर मुगाच्या शेंगा वाळत घालत होते आणि गल्लीच्या तोंडाला वळकटी दिसली. वळकटीखाली माणूस दिसला. चाल दिसली. मी सून आहे, खाली आळी आहे, ओसरीवर मामंजी आहेत, सगळं विसरले. वरून ओरडले, "अगं बाई! झाली का चौदाशे वर्सं?"

ह्यांनी वर बघितलं. "कसली?"

मामंजी उठून मागच्या दारानं शेतात गेले.

मग आत्याबाईंनी लेकाला दारात ओवाळलं आणि ओवाळता ओवाळताच सगळी कहाणी सांगितली. नूरी कोण इथपासून ते देवीच्या नवसापर्यंत. मेहरूनबी भिंतीवरून ऐकतायत. मी दाराआड. ह्यांना आधी काही कळेना. मग हळूहळू कळायला लागलं. मग हे पोट धरून ओसरीवर बसले ते बसलेच. डोळ्यांतून पाणी यायला लागलं हसून हसून. मला असा राग आला म्हणता!

शेवटी डोळे पुसून म्हणाले, "माय, तिला विचार, वाटूर इथून किती लांब हाय?"

आत्याबाई दाराकडं वळल्या. "विचारतो, वाटूर किती लांब."

माझं माहेर ते! मला न यायला काय झालं? "सांगा, सकाळची न्याहारी करून निघालं की दुपारच्या भाकरीला."

"न्याहारी ते भाकर, म्हनती."

"बघ!" हे ओसरीवरून उठलेच. "मी इचारलं लांबी, अन् तिनं सांगितली वेळ! न्याहारी ते भाकर. बैलगाडी तेवढ्या वेळात जेवढी जाती, तेवढं वाटूर लांब. बराबर? तसंच आम्ही आभाळात मोजतो. तिथं बैलगाडी पुरत न्हाई, म्हनून उजेडाची गाडी. उजेड एका सालात जेवढा पळतो, तेवढ्या लांबीला म्हनायचं एक नूरी साल. ते साल न्हाई माय, तो कोस हाय! मी त्या ताऱ्याचं सांगून राह्यल्तो, माझं न्हाई!"

सगळी आळी हसली. मेहरूनबी तर भिंतीपलीकडं खाटेवर जाऊन आडव्या झाल्या. मी दाराआड लाजेनं अर्धी झाले. न्याहारी ते भाकर! जन्मभर मी तसंच मोजत आले होते, आणि तेच ह्यांनी आभाळाला लावलं, तर मला कळलं नाही.

पण एक गोष्ट मनात टोचत होती. मी म्हटलं, "आत्याबाई, विचारा, उजेडाच्या गाडीनं हैदराबाद किती लांब?"

"विचारती, हैदराबाद किती लांब."

हे खुशीत म्हणाले, "हैदराबाद? पापनी लवायच्या आत उजेड तिथून इथं यील, परत जाईल, अन् पापनी मिटायची ऱ्हाईल!"

आणि मग माझ्या तोंडून गेलं. आत्याबाईंना नाही, सरळ त्यांना. दाराबाहेर येऊन.

"मंग तुम्हाला यायला दसरा कामून लागला?"

ह्यांचं हसू गेलं. माझ्याकडं बघितलं त्यांनी, सगळ्यांच्या देखत, पहिल्यांदा. आणि हळू म्हणाले, "उजेडाला सुट्टी मागावी लागत न्हाई."

मी आत पळाले.

पण गोष्ट इथं संपती तर आज मी हा कडू चहा कशाला पीत बसले असते! आत्याबाई हुशार. सगळं हसणं थांबल्यावर म्हणाल्या, "ते समदं बराबर हाय. पन देवीला बोलली त्याचं काय? चार नूरी साल भरेस्तोवर."

हे डोकं खाजवायला लागले. "माय, कोस कसा भरंल? कोस चालावा लागतो."

जोशीबुवांना बोलावणं गेलं. त्यांना आपलं दिव्य वर्ष बुडाल्याचं दुःख होतंच. तरी म्हणाले, "शब्द तो शब्द. लांबी तर लांबी. ती पार केल्याशिवाय गूळ नाही."

"म्हंजे माझ्या सुनंनं ताऱ्यावर जायचं?" आत्याबाई म्हणाल्या. "रेल्वेनं किती लागतील?"

ह्यांनी मनातल्या मनात हिशेब केला. "गाडी कुठंच थांबली न्हाई, तर दहा-अकरा कोट वर्सं."

"आपली गाडी न थांबता कधी गेल्ती?"

जोशीबुवा शिधा न घेताच उठले.

त्या संध्याकाळी हे कप घेऊन माळवदावर आले. मी शेंगा गोळा करत होते, म्हणजे एकच शेंग चार वेळा उचलत होते. हे म्हणाले, "एक तोड हाय. ज्या दिवशी तू देवीला बोल्लीस, त्या दिवशी त्या ताऱ्यावरून उजेड निघालाय. तो इथं पोचंल तव्हा चार नूरी साल पार झाले म्हनायचे. तू नको जाऊस. तो यील."

मी दक्षिणेला बघितलं. तिथं काहीच नव्हतं.

"आता दिसायचा न्हाई," हे म्हणाले. "उन्हाळ्यात यील. पन हाय तो."

मी तोंड उघडलं, "कि..." आणि जीभ चावली. शहाणी झाले होते ना! या खेपेला पुरतं विचारलं. "तो उजेड पोचायला आपली साधी, सालगड्याची सालं किती लागतील?"

"चार. अन् वर थोडे महिने."

चार! अहो, एवढं रामायण झालं, नूरी आली, हिजरी आलं, देवांचे दिवस झाले, रेल्वे झाली, आणि फिरून चार ते चारच! मी कपाळावर हात मारला. हे पुन्हा हसायला लागले. मग त्यांनी बशीत चहा ओतला आणि ती माझ्यापुढं केली.

मी म्हटलं, "नवस हाय माझा."

"तू काय बोल्लीस? 'माझ्या चहात.' हा चहा माझा हाय. गूळ बी माझा. बशी बी माझीच. पी."

असा हिशेबी माणूस! देवीलासुद्धा बोट ठेवायला जागा सोडली नाही. मी प्याले. रडत रडत प्याले आणि बशी चाटून ठेवली.

दिवाळीनंतर मला ते हैदराबादेला घेऊन गेले. तिथंही तेच. माझा कप कडू, त्यांची बशी गोड. घरात कुणी पाहुणा आला तर बघतच राहायचा, ही बाई स्वतःचा चहा तसाच ठेवून नवऱ्याच्या बशीवर कशी नजर ठेवते. मग चार सालं भरली, वरचे महिने झाले. एका संध्याकाळी हे गच्चीवरून खाली आले आणि म्हणाले, "तुझा उजेड पोचला. घाल आता गूळ."

आणि मी काय म्हणावं? केसाच्या रुंदीइतकी चूक न करता ठिपके मांडणाऱ्या माणसाला मी म्हटलं, "तुमचा हिशेब चुकला आसंल. अजून थोडं थांबून बघू."

ह्यांनी माझ्याकडं नीट बघितलं. बशी पुढं केली.

असं आम्ही थोडं थोडं थांबत राहिलो. हिशेब काही जुळला नाही, आम्ही जुळू दिला नाही.

आता त्यांना जाऊनही बरीच सालं झाली. कोणती म्हणून विचारू नका, फसली का शके, मी मोजलेली नाहीत. नातवंडांच्या पुस्तकात त्या ताऱ्याचं नाव 'मित्र' असं दिलंय. बरं नाव आहे. जेठात अजून येतो तो, दक्षिणेला, अगदी खाली. एवढ्या लांबून त्याचा उजेड न चुकता येतो, आणि हा माणूस जिना चढून वर येत नाही.

तर नवस कधीच फिटलाय माझा. देवीची काही हरकत नाही, मलाच माहीत आहे. घालून बघितली हो साखर माझ्या कपात, दोन-तीनदा. गोड लागत नाही. चार सालांच्या नवसाला जन्मभर लबाडीनं ताणलं ना, देवीनं बरोबर वसूल केलं. आता तो नवस काही मला सोडत नाही.

म्हणून म्हटलं, माझा कप राहू द्या तसाच कडू. पण तुमच्या चहात साखर आहे ना? मग तो बशीत ओता आणि जरा इकडं सरकवा. लाजता काय? नवस माझ्या चहाचा आहे, तुमच्या नाही.

"किती?"

बघा! पुन्हा अर्धवटच विचारलंत!